जमेची बाजू

दिवाळीला चोपडापूजन होते, नव्या वहीच्या पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहिले जाते आणि मागील वर्षाची शिल्लक पुढे ओढली जाते. ही शिल्लक ओढताना कोणताही व्यापारी केवळ देणी लिहून वही मिटवत नाही. दुकानावर कर्ज कितीही असो, त्याच्या समोर गोदामातील माल, वसूल व्हायची उधारी, मालकीचा गाळा, आणि कोणत्याही कागदावर जिचा आकडा येत नाही ती बाजारातील पत, यांचा हिशेब मनात तरी मांडला जातोच. अडचणीत आलेल्या पेढीला पुन्हा उभे राहण्यासाठी खेळते भांडवल द्यावे की नाही, हे ठरवताना बँकेचा अधिकारीही प्रथम हाच प्रश्न विचारतो: बुडाले ते बुडाले, आता शिल्लक काय आहे, आणि त्या शिलकीवर काय उभे राहू शकेल?

व्यवहारात इतकी सावध असणारी हीच माणसे घरातील एखादी व्यक्ती मनाने आजारी पडली की मात्र वहीचे एकच पान वाचू लागतात. झोप लागत नाही, कामात लक्ष नाही, चिडचिड होते, गोळ्यांची गुंगी येते, दोनदा रुग्णालयात ठेवावे लागले, अशी नावेची बाजू घरातील प्रत्येकाला तोंडपाठ असते. जमेची बाजू मात्र कोरी राहते. ती नसते म्हणून नव्हे. ती मांडण्याचे कोणाला सुचत नाही म्हणून.

एक चित्र डोळ्यांसमोर आणावे. ते कोणा एका घराचे नाही; परंतु पालघर, बोईसर, डहाणू या पट्ट्यातील अनेक घरांना ते परके वाटणार नाही. बोईसरमध्ये तारापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाइप, नळ आणि सॅनिटरी सामानाचे एक दुकान आहे. दोघे भाऊ ते चालवतात. धाकटा अठ्ठावीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी त्याची झोप एकाएकी कमी झाली, बोलणे वाढले, उत्साह मावेनासा झाला. आरंभी घरच्यांना आनंदच झाला; मुलगा धंद्यात रमला असे वाटले. महिन्याभरात त्याने तीन वर्षे पुरेल इतक्या पाइपची मागणी नोंदवली आणि पुढील तारखांचे धनादेशही देऊन टाकले. ते धनादेश परत येऊ लागले तेव्हा घरात प्रकाश पडला. त्यानंतर आला तो काळोख: अंथरुणातून न उठणे, जेवणाच्या ताटासमोर नुसते बसून राहणे, जगण्याचा कंटाळा. मानसोपचारतज्ज्ञांनी द्विध्रुवीय विकार असे निदान केले. औषधे लागू पडली. सहा महिन्यांपासून तो स्थिर आहे, आणि आता सकाळी दुकानात येऊन बसतो.

केवळ बसतो. "भाई, पावती मी फाडू का?" असे त्याने विचारले तर थोरला प्रेमानेच म्हणतो, "नको रे, तू आराम कर. डोक्याला ताण नको." पाहुणे आले की बा त्याला आतल्या खोलीत पाठवते. गल्ल्याची किल्ली, सहीचा अधिकार, नेहमीच्या गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलण्याचा हक्क, सारे काही त्याच्या हातून हलकेच काढून घेतले गेले आहे. कोणीही त्याच्याशी वाईट वागत नाही. तरीही प्रत्येक दिवस त्याला एकच गोष्ट सांगून जातो: तू आता या घराची मालमत्ता नाहीस, देणे आहेस.

आजार ओसरल्यावरही माणूस का सावरत नाही, या प्रश्नाचे पुष्कळसे उत्तर या वाक्यात आहे. औषध लक्षणे कमी करते. लक्षणे कमी झाल्यावर जी जागा रिकामी होते, ती कशाने भरायची हे औषध सांगत नाही. ती जागा भरते काम, नाते, जबाबदारी आणि आपल्याला काहीतरी येते ही जाणीव.

या विचाराचे एक थोर उदाहरण याच जिल्ह्याच्या मातीत आहे. डहाणू तालुक्यातील गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ चा. लहानपणीच त्यांची आई वारली. त्या आघाताने त्या मुलाचे बोलणेच थांबले, आणि पुढे काही वर्षे तो बोलला नाही. बोलण्याऐवजी तो जमिनीवरील धुळीत चित्रे काढीत असे. त्याच्या दुःखाला आज वैद्यकीय नाव देण्याचे कारण नाही. तसे करणे अनुचितही ठरेल. पाहण्यासारखे आहे ते भोवतालच्या माणसांचे वागणे. वारल्यांमध्ये लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिणे हे परंपरेने सुवासिनींचे काम. मुलग्याने चित्रे काढीत बसावे, ही तेव्हा रीत नव्हती. वस्तीने त्याचा हात धरून 'आधी बोल, मग चित्रे काढ' असा हट्ट धरला असता तर तो अस्वाभाविक ठरला नसता. परंतु त्याच्या त्या वेगळेपणाला वस्तीत एक प्रकारचा मानच मिळाला, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे.

पुढची कथा सर्वश्रुत आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर आले, तेव्हा त्यांना म्हसे यांच्या हाताचे सामर्थ्य दिसले. भिंतीवरील चित्र कागदावर आणि कापडावर उतरले. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री, आणि मधल्या काळात देशोदेशीची प्रदर्शने. लग्नविधीपुरती असलेली ही कला त्यांच्यामुळे रोजच्या जीवनाची, मासेमारीच्या जाळ्याची, मुंग्यांच्या रांगेची, आगगाडीची झाली. त्यांच्यामागून जिल्ह्यातील कितीतरी तरुणांच्या हाती कुंचला आला. मे २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. या कथेचा अर्थ प्रत्येक मूक मुलगा चित्रकार होईल असा नाही. अर्थ इतकाच की, जे बंद झाले होते त्या वाचेवर सारे लक्ष खिळून राहिले असते तर जे चालू होते त्या बोटांकडे कोणाचे लक्ष गेले नसते.

मानसिक आरोग्याच्या शास्त्रात हाच विचार १९८० च्या दशकात पद्धतशीरपणे मांडला गेला. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात समाजकार्याचे अध्यापक चार्ल्स रॅप आणि त्यांचे सहकारी, दीर्घ मानसिक आजारातून उठलेल्या लोकांसाठी काम करीत होते. त्या काळी रुग्णाची टाचणवही म्हणजे त्याच्या उणिवांची यादी असे. यादी जितकी लांब तितकी त्याच्याकडून अपेक्षा कमी, आणि अपेक्षा जितकी कमी तितका तो मागे पडे. रॅप यांनी उलट बाजूने आरंभ केला. त्यांच्या पद्धतीची सूत्रे साधी आहेत: माणूस सावरू शकतो, लक्ष उणिवांवर नव्हे, सामर्थ्यावर ठेवावे, दिशा ज्याची त्याने ठरवावी, साहाय्यकाशी जुळलेले नाते हा कामाचा पाया असावा, कामाची खरी जागा रुग्णालय नसून गाव, बाजार आणि शेजार आहे, आणि हा शेजार म्हणजे अडथळ्यांचे रान नसून साधनांची खाण आहे.

या पद्धतीत जो तक्ता भरला जातो तो व्यापाऱ्याला ओळखीचा वाटेल. त्यात सात खाती असतात: राहणे व दिनचर्या, पैसा, काम व शिक्षण, आधाराची नाती, शरीराचे आरोग्य, विरंगुळा, आणि धर्म व संस्कृती. प्रत्येक खात्यापुढे तीन रकाने. एकात आज काय हाताशी आहे, दुसऱ्यात पुढे काय हवे आहे, आणि तिसऱ्यात पूर्वी कशाने हात दिला होता. चांगल्या खतावणीचा नियम इथेही पाळावा लागतो: नोंद मोघम नको. 'मुलगा हुशार आहे' ही नोंद नव्हे, ती स्तुती झाली. 'पाऊण इंचीच्या कोपराची आणि सवा इंचीच्या व्हॉल्व्हची जागा अंधारातही सांगतो' ही नोंद झाली.

बोईसरच्या त्या दुकानातील धाकट्याचा तक्ता भरून पाहावा. दिनचर्येच्या खात्यात: पहाटे उठतो, पूजेसाठी देरासरात वेळेवर जातो. कामाच्या खात्यात: नळांच्या व पाइपच्या जोडसामानाची मापे मुखोद्गत, कारखान्यांतील फिटर अर्धवट शब्दांत वस्तू मागतात तेव्हा त्यांना नेमके काय हवे हे त्याला चटकन कळते, जुना पंप खोलून पुन्हा जोडतो. नात्यांच्या खात्यात: दोन प्लंबर असे की जे अजूनही दुकानात आल्यावर प्रथम त्याचीच चौकशी करतात, एक आतेभाऊ, पालघरला राहणारा, ज्याच्याशी तो मोकळेपणाने बोलतो. विरंगुळ्याच्या खात्यात: चिंचणीच्या समुद्रकाठी संध्याकाळी चालणे. धर्माच्या खात्यात: स्तवन उत्तम म्हणतो. 'पूर्वी कशाने हात दिला' या रकान्यात त्याने स्वतःच लिहिले असते: काळोखाच्या दिवसांत आतेभाऊ रोज सायंकाळी येऊन काहीही न विचारता शेजारी बसत असे, त्याने.

आणि मधला रकाना, 'काय हवे आहे'? इथे घरच्यांना धक्का बसण्याचा संभव अधिक. थोरल्याला वाटते, धाकट्याला आराम हवा आहे. आईला वाटते, त्याचे लग्न व्हायला हवे. त्याला स्वतःला विचारले तर कदाचित तो म्हणेल, सकाळी शटर मी उघडावे. एवढेच. हा प्रश्न त्याला दोन वर्षांत कोणी विचारलेला नसतो.

येथे एक गैरसमज दूर करणे अत्यंत आवश्यक आहे. बलस्थानांवर भर देणे म्हणजे 'मन खंबीर कर, सगळे ठीक होईल' असा उपदेश करणे नव्हे. मधुमेहाच्या रुग्णाला कोणी इच्छाशक्तीने साखर उतरवायला सांगत नाही. उपदेशात दोष रुग्णाच्या माथी जातो: बरा झाला नाहीस, कारण तू प्रयत्न केला नाहीस. बलस्थानांच्या विचारात जबाबदारी घराचीही असते: तुझ्याजवळ जे आहे त्याला आम्ही वाव दिला का? त्याचप्रमाणे हा विचार औषधाला पर्याय नाही. ताळेबंदात मालमत्ता मांडली म्हणून देणी पुसली जात नाहीत. दोन्ही बाजू पूर्ण असतील तरच ताळेबंद खरा. बरे वाटू लागले की गोळ्या परस्पर बंद करणे ही या आजारांतील नित्याची चूक आहे, आणि अनेकदा दुसऱ्या झटक्याचे कारणही तेच असते.

दुसरी सावधगिरी त्याहून सूक्ष्म आहे. द्विध्रुवीय विकारात उन्मादाची चढती अवस्था बाहेरून गुणासारखी दिसते. कमी झोपून अधिक काम, मोठ्या योजना, निर्भय खरेदी: व्यापारी घरात तर याला धडाडी म्हणतात. म्हणून त्या माणसाचे खरे सामर्थ्य कोणते आणि आजाराचा ज्वर कोणता, हे तो स्थिर असताना, त्याच्यासह बसून, आधीच ओळखून ठेवावे. 'सलग दोन रात्री चार तासांहून कमी झोप झाली आणि मी मोठ्या खरेदीबद्दल बोलू लागलो, तर भाईने मला डॉक्टरांकडे न्यावे,' असे त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिले तर तो अंकुश राहत नाही. तो त्याचाच निर्णय ठरतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ या कायद्याने अशा विचाराला आधारही दिला आहे. पुढे कधी निर्णयक्षमता उरली नाही तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत व कसे होऊ नयेत, हे सज्ञान व्यक्ती आधीच लेखी नमूद करू शकते आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमू शकते.

पैशाच्या बाबतीत हेच तत्त्व लावावे. सही पूर्णपणे काढून घेणे हा सोपा मार्ग. पण त्यात माणूस खचतो. त्याऐवजी ठरावीक रकमेपुढील धनादेशावर दोघांच्या सह्या, असा अधिकार बँकेत नोंदवता येतो. मोठ्या खरेदीची मागणी पक्की करण्यापूर्वी दोन रात्री जाऊ द्याव्यात, असा नियम दुकानात घालता येतो. मात्र तो नियम थोरल्यालाही लागू असावा. जो नियम केवळ आजारी माणसासाठी असतो तो त्याला रोज आजाराची आठवण करून देतो. जो सर्वांसाठी असतो ती पेढीची शिस्त होते. आणि खरे पाहता दोन रात्री थांबल्याने थोरल्याचीही एखादी चूक टळेलच.

काम परत देताना पायऱ्या कराव्यात. आरंभी सकाळचे दोन तास: नव्या मालाची मोजणी आणि लावणी. ते जमले की सकाळी प्लंबरांची गर्दी असते त्या वेळचे गल्ल्यापुढील काम. मग पावत्या, मग कारखान्यांची चलने, मग वसुलीचे फोन. एखादी पायरी जड गेली तर एक पायरी खाली उतरावे. सारा जिना काढून घेऊ नये. कामातील चूक ही कामातील चूक म्हणून सांगावी. पावती चुकली तर "पावती चुकली, दुरुस्त कर" इतकेच म्हणावे, "गोळी घेतलीस ना?" हा प्रश्न तिथे विचारू नये. निरोगी माणसालाही दिवसाकाठी चार चुका माफ असतात, मग सावरणाऱ्या माणसाच्या प्रत्येक चुकीचे निदान कशासाठी?

झोप हा या साऱ्याचा पाया आहे. जागरणाने द्विध्रुवीय विकारातील उन्माद पुन्हा उसळू शकतो. म्हणून हंगामातील रात्रभराची मालमोजणी, गरब्याच्या सलग रात्री, किंवा औद्योगिक वसाहतीतील रात्रपाळी, यांबाबत डॉक्टरांशी आधी बोलावे. जैन घरांत आणखी एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते, आणि ती पुरेशी बोलली जात नाही. या विकारावर लिथियम हे जुने आणि परिणामकारक औषध अनेकांना दिले जाते. शरीरातील पाणी किंवा मीठ घटले की रक्तातील लिथियमचे प्रमाण वाढते आणि ते विषारी पातळीला जाऊ शकते. हात फार थरथरणे, उलट्या, जुलाब, तोल जाणे, ग्लानी ही त्याची लक्षणे होत. ती दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. तेव्हा पर्युषणातील अठ्ठाई, पाण्यावाचूनचा चौविहार उपवास किंवा मीठ वर्ज्य करून केलेले आयंबिल, यांपैकी काहीही डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये. रोजच्या चौविहारामुळे रात्रीची गोळी चुकत असेल तर तेही सांगावे. वेळ बदलता येईल का, हे डॉक्टर पाहू शकतात. शास्त्राने तपाचे बारा प्रकार सांगितले आहेत आणि अनशन हा त्यांपैकी एक आहे. स्वाध्याय आणि वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हीदेखील तपेच आहेत. ज्याला उपवास वर्ज्य आहे त्याच्याकडे पर्युषणातील स्तवनांची जबाबदारी सोपवली तर त्याचे तपही होते आणि सामर्थ्यही वापरात येते.

कुटुंब हे या मार्गावरील मोठे भांडवल आहे, याला अभ्यासाचाही आधार आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा अभ्यास हाती घेतला. भारतातील केंद्र आग्र्याला होते. दोन आणि पाच वर्षांनी त्या रुग्णांचा पुन्हा शोध घेतला, तेव्हा भारत व नायजेरिया येथील रुग्णांची स्थिती सरासरीने श्रीमंत देशांतील रुग्णांपेक्षा बरी आढळली. याच्या कारणांबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि या निष्कर्षावर आक्षेपही घेतले गेले. तरी घराचा आधार आणि शेतात वा दुकानात झेपेल ते काम मिळण्याची सोय, ही कारणे अनेकांनी पुढे केली. एकत्र कुटुंबाचा व्यवसाय ही त्या दृष्टीने दुर्मिळ सोय आहे. नोकरी शोधणाऱ्याला जी पहिली संधी मिळता मिळत नाही, ती इथे घरचा शटर उघडताच मिळते. प्रश्न एवढाच, घर ती देते का?

घरालाही आधार लागतो, हे विसरू नये. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची कथा या दृष्टीने बोलकी आहे. तिचे संस्थापक डॉ. जगन्नाथ वाणी हे मूळचे महाराष्ट्रातील, कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. पत्नीच्या आजारातून आलेला अनुभव त्यांनी लपवून ठेवला नाही. त्यातून ही संस्था उभी केली, आणि २००४ मध्ये आलेल्या 'देवराई' या मराठी चित्रपटामागेही त्यांचा पुढाकार होता. रुग्णांची आणि त्यांच्या नातलगांची एकत्र बैठक, जिथे कोणी कोणाला सल्ला देण्याची घाई करीत नाही, हे अशा संस्थांचे वैशिष्ट्य. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्थाही मनाच्या आरोग्याविषयी समाजाशी खुलेपणाने बोलत आली आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, पण ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाशी आणि तेथील संस्थांशी इथल्या लोकांचे जुने नाते आहे. गाडीने तिथवर जाणे ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा वा रात्री मोफत बोलता येते, आणि तिथे मराठीतही संवाद होतो. जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलून दाखवले तर ते गांभीर्याने घ्यावे, त्याला एकटे सोडू नये, आणि लाजेपोटी एक तासही दवडू नये.

लाज हेच खरे तर सर्वांत महागडे व्याज आहे. बंगळुरूच्या निमहान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी शंभरात सुमारे अकरा जणांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले; आणि निरनिराळ्या विकारांत सत्तर ते ब्याण्णव टक्के लोक उपचारांपासून दूर होते. म्हणजे ज्या लग्नमंडपात तीनशे माणसे जेवायला बसली आहेत तिथे तीसएक जण हे ओझे मुकाट्याने वाहत आहेत. 'लोक काय म्हणतील' असे ज्यांच्याविषयी म्हटले जाते, त्या लोकांतच ते आहेत.

लाजेपोटी दोन व्यवहार बिघडतात. पहिला विम्याचा. २०१७ च्या कायद्याने शारीरिक आजारांच्या बरोबरीने मानसिक आजारांच्या उपचारांसाठी वैद्यकीय विम्याची तरतूद करणे विमा कंपन्यांवर बंधनकारक केले आहे. पण प्रस्तावाच्या अर्जात आजार लपवला तर ऐन वेळी दावा नाकारला जाण्याचा धोका असतो. अर्ज खरा भरावा, प्रतीक्षाकाळाच्या अटी वाचाव्यात. दुसरा व्यवहार विवाहाचा. लग्न हा उपचार नव्हे, आणि लपवून केलेले लग्न हा दोन घरांवरील अन्याय आहे. आजाराची माहिती, चालू औषधे, आणि त्याच्या जोडीला त्या व्यक्तीच्या जमेची पूर्ण बाजू, असे दोन्ही समोर ठेवून जे स्थळ पुढे येईल तेच टिकेल. ज्या घराने स्वतःच ती दुसरी बाजू कधी मांडलेली नसते, त्याला ती समोरच्या घराला दाखवता कशी येणार?

पुन्हा त्या बोईसरच्या दुकानाकडे यावे. समजा, एके सकाळी थोरला भाऊ काही न बोलता किल्ल्यांचा जुडगा धाकट्याच्या हाती देतो. धाकटा शटर वर करतो, उदबत्ती लावतो. साडेआठला एक फिटर येतो आणि हातांनी आकार दाखवून म्हणतो, "शेठ, ते असं वाकडं, एका बाजूला बारीक..." थोरला वहीतून मान वर करतो. धाकटा तोवर वळून तिसऱ्या खणातून नेमका नग काढून ठेवतो. एवढ्याने आजार संपला असे नव्हे. रात्रीची गोळी आहे, महिन्याची तपासणी आहे, रक्ताची चाचणी आहे. कदाचित पुढे एखादा वाईट महिनाही येईल. परंतु तो आला तर त्या वेळी घराजवळ केवळ भीती नसेल. या माणसाला काय येते, कशाने त्याला बरे वाटते, आणि कोण शेजारी बसले की तो सावरतो, याची लिहिलेली नोंद असेल.

ज्या घरात असे कोणी आहे त्या घराने आज रात्री जेवणानंतर एक कोरा कागद घ्यावा. त्यावर तीन रकाने आखावेत. आणि पहिली नोंद करण्यापूर्वी कागद ज्याचा आहे त्याच्याच हाती लेखणी द्यावी.